पाडव्याची ओवाळणी

अप्पर हटच्या स्टेशनबाहेर, कार पार्कच्या कुंपणापाशी ते रोज सकाळी उभे असायचे. आमच्याच गल्लीत राहणारे, पुण्याचे, माझ्यासारखेच ट्रेनने वेलिंग्टनला नोकरीला जाणारे. काहीही विचारा, उत्तर ‘स्वीट ॲज’, म्हणजे सगळं मस्त. खोकल्याची उबळ ओसरली की डोळे पुसतानाही तेच.

दिवाळीच्या पाडव्याला बायकोने ओवाळणी मागितली होती: सिगरेट सोडा. त्यांनी शब्द दिला आणि तिने हौसेने व्हेप आणून दिलं. तेव्हापासून ते आधी सिगरेट ओढायचे आणि मग वास लपवायला व्हेपमधून आंब्याच्या वासाची वाफ घ्यायचे. “ती काही सुटली नाही, वर हे आणखी एक चिकटलं,” असं हसत सांगायचे. मला हसू यायचं नाही.

एकदा विसरलेला डबा द्यायला त्यांची बायको गाडी घेऊन मागोमाग आली. नुकतीच पेटवलेली सिगरेट त्यांनी मुठीत दाबली आणि दुसऱ्या हाताने डबा घेतला. ती काचेतून मला म्हणाली, “भाऊजी, पाडव्यापासून एकसुद्धा नाही हं यांची! नुसता आंब्याचा वास.” ते मान डोलवत राहिले. मूठ तशीच.

गाडी वळल्यावर त्यांनी मूठ उघडली.

“अहो, भाजलं की!” मी म्हणालो.

“स्वीट ॲज.”

ताज्या फोडाच्या आजूबाजूला तळहातावर जुने डाग होते, बरेच. त्याच हाताने त्यांनी खिशातून सिगरेटचं पाकीट काढलं.