थैली गेली, ग्रुप सोडला

कापसाची गाडी समोर उभी. माझा हात कोपरापर्यंत कापसात. आणि पोटात कळ आली. शेतकरी माझ्या तोंडाकडे बघत होता, कारण मी म्हणेन तोच भाव त्याला मिळणार होता. मी मुठीतला कापूस तिथेच टाकला आणि ऑफिसमागच्या संडासाकडे पळालो.

मागून आवाज आला, "ओ ग्रेडर साहेब, कापूस पाहून पळून काहून राह्यले? इतका खराब हाय का?"

सगळी रांग हसली. त्या सकाळी मी कितव्यांदा पळत होतो, ते मोजणं सोडलं होतं.

मी मारेगावजवळच्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर आहे. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी आणि रुई वेगळी करायचा कारखाना. गाडी आली की ग्रेडर कापसात खोल हात घालतो. ओलावा बघतो, धागा ओढून लांबी बघतो, कवडी म्हणजे किडका, डागी कापूस किती ते बघतो. त्यावर भाव ठरतो. आमच्या घराण्यातला मी पहिला बी.एस्सी. काम चांगलं करतो, हे सांगायला मला संकोच नाही. पण सीझनमध्ये ग्रेडर जागचा हलला की सगळ्या गाड्या अडतात.

उन्हाळ्यात माझं आतडं फुटलं होतं. ऑपरेशन करून डॉक्टरांनी आतड्याचं तोंड पोटावर काढलं. त्याला स्टोमा म्हणतात. त्यावर थैली चिकटवतात, शौच तिच्यात जमा होते. खालचं आतडं बरं झालं की ते तोंड परत आत जोडून देतात. ते रिव्हर्सल. पावसाळा मी थैलीवर काढला. यवतमाळच्या एका सिस्टरनी मला थैलीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये टाकलं. थैली गळू नये म्हणून काय करायचं, शर्ट कसला घालायचा, सगळं मी तिथे शिकलो.

ग्रुपची एक रीत होती. ज्याची थैली निघेल त्याला सगळ्यांनी ग्रुपवर फुलांच्या हारांचे फोटो पाठवायचे. त्याने हात जोडायचे आणि ग्रुप सोडायचा. माझी थैली निघाली तेव्हा मीही हात जोडले आणि ग्रुप सोडला. जिनिंगमध्ये पेढे वाटले.

मग ही पळापळ सुरू झाली. इतके महिने रिकामं बसलेलं आतडं आपलं कामच विसरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "हळूहळू बसेल." पण गाड्या हळूहळू येत नव्हत्या. मी माझाच उपाय काढला. ड्यूटीवर काही खायचं नाही. दोन-तीन दिवसांत गाडीवरच चक्कर येऊन पडलो.

मॅनेजर राठोड साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"सुनील, जमत नसंल तर सांग. दुसरा ग्रेडर बोलावतो. या सीझनपुरता."

सीझनपुरता घरी बसलेला ग्रेडर परत येत नाही. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत आहे.

"सोमवारी सांगतो साहेब," म्हणालो.

घरी येऊन ग्रुपच्या अ‍ॅडमिनला फोन लावला. शोभाताई. आर्णीला त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे.

"ताई, मी सुनील. ग्रुप सोडून गेलतो…"

"हार घेऊन पळालेले सुनीलभाऊ न? बोला. दिवसातून किती वेळा जाऊन राह्यले?"

बाईमाणसाशी असलं मी कधी बोललो नव्हतो.

"लाजता कायले? माही थैली निघून दोन वर्सं झाली. पहिल्या महिन्यात मी गल्ल्यावर कमी अन् संडासात जास्त होती."

"मग ग्रुपवर कधी सांगतलं नाही तुम्ही?"

"कोणाले सांगू? ज्याच्या कामाचं हाय तो हार घेऊन चालला जाते. मी अ‍ॅडमिन, म्हणून राह्यली."

मग त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. उपाशी राहतो म्हटल्यावर भडकल्याच. "बीएस्सी केली न तुम्ही? उपाशी पोटी आतडं आणखी चवताळते. थोडं थोडं खा. घट्ट भात, दही, केळं. तिखट अन् चहा सध्या बंद. धुतल्यावर रगडू नका, नरम कापडानं टिपा. अन् डॉक्टरले 'बरं हाय' म्हणून वापस येऊ नका. किती वेळा, ते साफ सांगा."

"अन् मॅनेजरले काय सांगू?"

"त्याले दुखणं नका सांगू. काय पायजे ते सांगा."

डॉक्टरांना साफ सांगितलं. त्यांनी गोळी दिली, क्रीम दिलं. सोमवारी केबिनमध्ये उभा राहिलो.

"साहेब, ग्रेडिंगची जागा गेटवरून वजनकाट्याजवळ आणा. संडास तिथे लागूनच आहे. अन् मी गेलो तर ओलाव्याचं मीटर लावायला एक माणूस द्या. रांग अडणार नाही."

साहेब म्हणाले, "एवढंच? मले वाटलं राजीनामा घेऊन आला. गेटवर धूळही लय उडते म्हणा."

जागा हलली. पळापळ लगेच थांबली नाही, पण कमी होत गेली. संक्रांतीपर्यंत मी एका दमात गाड्यांची अख्खी रांग पाहू लागलो. दुसरा ग्रेडर आला नाही.

कापसाची गाडी वरून पांढरीशुभ्रच दिसते. तळाशी हात घातल्याशिवाय ग्रेड देऊ नये. हे रोज करणारा मी, स्वतःच्या पोटाला वरूनच पास करून बसलो होतो.

शोभाताईंनी मला ग्रुपमध्ये परत घेतलं. परवा दिग्रसच्या एका गुरुजींची थैली निघाली. हारांचा पाऊस पडला. गुरुजींनी हात जोडले. तेवढ्यात ताईंचा व्हॉइस मेसेज आला:

"हार घ्या गुरुजी, पण जाऊ नका. खरं काम त आता हाय. सुनीलभाऊ, सांगा गुरुजीले."