राखणीला बसलेला स्नायपर

तुम्ही चहा पाजताय म्हणून सांगतो, नाहीतर आमच्या घरात हा विषय निघाला की मी गुरांना पाणी दाखवायला उठतो. गाढवपणा कोण करत नाही हो? पण माझा गाढवपणा टोकावड्याला अख्ख्या सासुरवाडीने स्पीकरवर ऐकला. लाइव्ह!

तर मी संतोष. शेणव्याच्या पुढं आमचं गाव, नोकरी आसनगावला एका कारखान्यात फिटरची. वय छत्तीस, दोन मुलांचा बाप. आणि मोबाईलवर तो गोळीबाराचा गेम असतो ना, त्यातला स्नायपर. हसू नका! स्नायपर म्हणजे लांबून, दुर्बीण लावलेल्या बंदुकीने टिपणारा. बाकीचे धावत सुटतात, धडाधड गोळ्या झाडतात आणि मरतात. आपलं तसं नाही. आपण उंच जागा धरायची, पालथं पडायचं आणि वाट बघायची. पुढचा पळत असला तर नेम त्याच्यावर धरायचा नाही, त्याच्या चार पावलं पुढं धरायचा. गोळी पोचेपर्यंत तो आपणहून तिथं येतो.

आणि मुख्य म्हणजे हलायचं नाही, आवाज करायचा नाही. गेममधलं माझं नावच 'सायलेंट संत्या'. आमच्या टीमने टीशर्ट छापून घेतले, पाठीवर हेच नाव. आमची सुवर्णा त्या टीशर्टाला पोतेरं म्हणते, पण बायकोला कलेतलं काय कळतं?

दर रविवारी दुपारी आमची मॅच. आम्ही शहापूरवाले एका बाजूला, मुरबाडवाले दुसऱ्या बाजूला. आणि मुरबाडवाल्यांचा कप्तान कोण, तर माझा सख्खा मेव्हणा! जयेश, टोकावड्याचा. हा जयेश नकला फार भारी करतो. माझ्या लग्नात त्याने आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, अशी नक्कल केली होती की आमची आई आतून 'आले, आले' करत पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

आता आबांचं सांगतो. आमचं बाकीचं भात दुकानातल्या बियाण्याचं. पण वहाळाकडचं, म्हणजे ओढ्याकडचं, एक खाचर आबा कोणाला हात लावू देत नाहीत. त्यात आज्याच्या वेळचं तांबडं भात. ते विकायचं नाही. सणाला मूठभर शिजवायचं, बाकीचं बियाण्याला ठेवायचं, पुढच्या पावसात परत तेच लावायचं. एक वर्ष खाडा झाला की ते बियाणं घरातून गेलं. आबा त्या खाचराला जेवढं जपतात तेवढं मला कधी जपल्याचं आठवत नाही.

मागच्या वर्षी दसरा झाला, भात पिवळं झालं, आणि डोंगरातून माकडं उतरायला लागली. माकड खातं थोडं, तुडवतं फार. म्हणून आबा दिवसभर माळ्यावर उभे. माळा म्हणजे शेतात चार खांबांवर बांधतो ते मचाण, राखणीचं. त्यातच माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. व्याह्याला बघायला जाणं भाग होतं. रविवारी सकाळच्या एसटीने आबा आणि सुवर्णा मुरबाडमार्गे टोकावड्याला निघाले.

जाताना आबांनी मला माळ्यावर उभं केलं, हातात पत्र्याचा डबा दिला.

"संत्या, काम सोपं हाय. डबा वाजवायचा आन् ओरडायचं. माकडाला तू दिसला पायजेस, ऐकू आला पायजेस. जमंल ना?"

"आबा, मी काय लहान हाय का आता?"

आबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि एसटी पकडायला गेले.

दोन वाजता मॅच. नेहमीची नव्हे हां, दिवाळीआधीची शेवटची! हरणाऱ्याने गावठी कोंबड्याचं जेवण घालायचं ठरलेलं. गावात रेंजची बोंब, पण माळ्यावर दोन काड्या येतात. म्हटलं, देवानेच जागा दिली. उंच जागा, चारी बाजू मोकळ्या, स्नायपरला आणखी काय पाहिजे?

पण उन्हात स्क्रीन दिसेना. मग खाली कोपीत, म्हणजे राखणीच्या झोपडीत, आबांचं इरलं पडलं होतं, लावणीला पावसात डोक्यावर घेतात ते पानांचं, ते वर आणलं. त्याच्याखाली पालथा पडलो, कानात हेडफोन घातले. लांबून बघाल तर माळ्यावर पाचोळ्याचा ढीग. तेवढ्यात शेजारच्या शेतातून धोंडूकाकांचा डबा सुरू झाला. ठण ठण ठण! नेम कसा धरायचा हो?

मी इरल्यातून मुंडी बाहेर काढली. "काका, जरा थांबा ना! मी हाय की राखणीला. तुमी जावा, जेवून या!"

"तुझ्यावर सोडून जाऊ म्हनतोस?"

"बिनधास्त जावा!"

काका बिचारे विश्वासाने गेले.

म्हणजे बघा, राखणदाराचं काम काय? दिसायचं आणि ओरडायचं. मी काय केलं? लपलो, गप्प बसलो, आणि दुसरा जो वाजवत होता त्यालाही घरी पाठवलं. पण हे आत्ता कळतंय. तेव्हा मी रंगात आलो होतो!

मॅच अशी रंगली म्हणता! आमचे तिघं मेले, त्यांचे तिघं मेले. तिघांपैकी दोन मीच टिपले. उरलो मी आणि जयेश. तो एका पडक्या भिंतीमागे, मी टेकडीवर. दुर्बिणीतून भिंतीची कड धरून बसलो. आता ह्या दुर्बिणीची एक गंमत असते. चारशे मीटरवरची वीट मोजता येते, पण आजूबाजूचं काही म्हणजे काही दिसत नाही.

गेममध्ये माइक दोन तऱ्हेने लावता येतो, एक फक्त आपल्या टीमला ऐकू जाणारा, दुसरा समोरच्यांनाही. टोमणे मारायची खोड असल्यामुळे मी दुसरा लावलेला. आणि तिकडे जयेशने, आजारी बापाच्या खाटेशेजारी बसून, स्पीकर आणि माइक दोन्ही चालू ठेवलेले.

अचानक माझ्या कानात आबा ओरडले.

"संत्या! अरं माकडं! माकडं आलीत शेतात, उठ!"

मी हललो नाही. मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या! हरायला आला तशी नक्कल काढली.

"जयेश, आवाज जमलाय. जरा घोगरा कर, आबा तंबाखू खातात."

"अरं नक्कल कसली? मी तुझा बाप बोलतोय! तुझ्या फोनातून माकडं ओरडताना ऐकू येतायत मला!"

आता मी पण काही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. मी परीक्षा घेतली. "बाप असशील तर सांग, सकाळी जाताना काय बोललास?"

"डबा वाजव बोललो ना रं! वाजव तो डबा!"

बरोबर होतं. पण मी विचार केला, सुवर्णा होती की तिथं, तिनेच सांगितलं असणार. केवढी माझी हुशारी! तेवढ्यात सुवर्णाच कानात आली.

"अवो, खरंच आबा हायत. उठा ना, पाया पडते!"

म्हटलं घ्या, माहेरी गेली आणि बायकोपण फितूर झाली. मग मी, सायलेंट संत्या, माइक तोंडाजवळ धरून थंडपणे म्हणालो, "ए म्हाताऱ्या, गप बस. मी हलनार नाय."

पलीकडे एकदम शांतता. मला वाटलं, टरकले.

आणि काय आश्चर्य! जयेशचा शिपाई आपणहून भिंतीबाहेर आला. आला तो आला, उघड्या मैदानात एका जागी उड्या मारायला लागला. आभाळाकडे बघतोय, गोल गोल फिरतोय, बंदूक फेकून देतोय! असलं सोपं सावज मला जन्मात मिळालं नव्हतं. श्वास रोखला, एक गोळी, खेळ खलास. आम्ही जिंकलो!

कानात जयेशचा आवाज आला, अगदी हळू. "भावजी, जिंकलात तुमी. फोन आबांच्या हातात होता. त्यांनी हिसकावून घेतला, तुमाला शोधत होते त्याच्यात. आता तरी मान वर करा."

मी इरलं बाजूला केलं. माझ्यापासून हातभर अंतरावर, आबांनी दिलेल्या डब्यावर, एक माकड बसलं होतं. तांबड्या भाताची लोंबी सोलत होतं. माझ्याकडे बघितलं आणि परत लोंबीकडे बघितलं. पळालंसुद्धा नाही हो ते!

खाली अख्खी टोळी. आमचं खाचर आडवं, धोंडूकाकांचा बांधाकडचा पट्टा आडवा. मी उठून डबा बडवला, बोंबललो, ढेकळं मारली. एकही ढेकूळ लागलं नाही.

संध्याकाळी आबा आले ते घरी न जाता सरळ शेतावर. मातीत वाकून एकेक लोंबी उचलत राहिले. धोतराचा ओचाही भरला नाही तेवढ्यांनी. ते शिव्या देतील म्हणून मी तयारी करून उभा होतो, आणि ते वाकलेलेच. खरं सांगतो, त्या वेळी मला माझी अशी लाज वाटली की तो फोन वहाळात टाकावा वाटला.

रात्री जेवताना सुवर्णाच बोलली. आमच्या लग्नात आबांनी व्याह्यांना त्या तांबड्या भाताचं पायलीभर बियाणं भेट दिलं होतं. ते टोकावड्याला अजून एका कोपऱ्यात लावतात. म्हणजे बियाणं होतं! फक्त ते मागायला कोणी जायचं, एवढाच प्रश्न होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

कापणी आटपल्यावर गेलो. जयेशने माझ्या जिंकल्याचं कोंबडं रांधलं होतं. सासरे खाटेवरून उठून बसले, बियाण्याचं गाठोडं मांडीवर ठेवलं.

"जावईबापू, बियानं देतो. पन एक सांगा. त्या दिवशी 'म्हाताऱ्या' तुमी मला बोललात का आबांना? दोघंपन खाटेवरच होतो. आबा मला म्हनतात, 'तुमाला बोलला', मी म्हनतो, 'नाय, तुमाला'. तेवढं मिटवून टाका."

मी म्हटलं, "मामा, मी जयेशला बोललो."

"जयेश सव्वीस वर्षांचा हाय," सासरे म्हणाले, आणि गाठोडं मला न देता सुवर्णाच्या हातात दिलं.

यंदा ते भात परत लागलं, चांगलं आलं. दसऱ्यानंतर मी आठ दिवसांची रजा टाकली, गेम फोनमधून काढला, आणि सकाळी सकाळी माळ्यावर पोचलो. बघतो तर माळ्यावर आधीच कोणीतरी! आबांनी बुजगावणं उभं केलं होतं. डोक्यावर मडकं, मडक्याला माझे हेडफोन, अंगात माझा टीशर्ट, पाठीवर 'सायलेंट संत्या'. आबा खाली बसून दोरी वळत होते.

तेवढ्यात बांधावरून धोंडूकाका आले, डोळ्यांवर हात धरून वर बघत.

"आबा, लांबून मला वाटला संत्याच बसलाय. माझा डबा आनायला मागंच फिरनार होतो."

"मग?" आबांनी विचारलं.

"मग वारा आला आन् त्याचा हात हलला," काका म्हणाले. "म्हटलं, मग हा संत्या नाय!"