शिवणवहिनी आणि लांबलेली ओळ

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शिवणवहिनी पन्नाशीला टेकल्यावर बी.ए.ला बसल्या. बाकी सगळे विषय सुटले. कविता तेवढी दोनदा अडली. कारण शिवणाऱ्या हाताला शोभेल असंच होतं. रसग्रहणासाठी दिलेल्या कवितेत एखादी ओळ लांब दिसली की त्यांना राहवायचं नाही. जादा शब्द खोडून त्या ओळी सारख्या करायच्या आणि खाली लिहायच्या, ‘आता नीट बसते.’

यंदा तिसरी आणि शेवटची संधी होती, तीही तोंडी परीक्षेची. नापास झाल्या तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात. महिनाभर रोज दुपारी माझ्या स्वयंपाकघरात अभ्यास चालला. मी ओळ वाचायची, त्यांनी टेबलाखाली मशीन चालवल्यासारखा पाय हलवायचा आणि मात्रा सांगायच्या. एकदाही चुकल्या नाहीत. यमक म्हणजे त्यांच्या मते काठाला काठ जुळवणं, आणि रूपक म्हणजे पडद्याचाच झगा.

“कवितेला अस्तर लावतेस का गं?” त्यांचे यजमान जिन्यातून ओरडले.

“आधी तुमच्या तोंडाला बटण लावते!”

परीक्षेला मी सोबत गेले. खोलीचं दार उघडंच होतं, म्हणून बाहेरच्या बाकावर कान टवकारून बसले. परीक्षकबाईंनी झोका घेणाऱ्या मुलीची कविता पुढे केली आणि मोठ्याने वाचली. पहिल्या दोन ओळी पंधरा-पंधरा मात्रांच्या. तिसरी मात्र:

‘उंच उंच गं, उंच उंच गं, अजून उंच!’

मी बोटांवर मोजलं. तेवीस! आठ जादा! वहिनींनी पेन्सिल उचललेली दिसली. झालं, आता खोडणार!

“ही ओळ लांब आहे,” वहिनी म्हणाल्या.

“मग? दोष म्हणायचा का?”

टेबल थरथरायला लागलं. बाईंचा चहा बशीत सांडला.

“अहो, काय होतंय?”

“माझा पाय आहे बाई, जरा थांबा.” वहिनींनी पेन्सिल खाली ठेवली. “दोष नाही. काखेत आम्ही सैल सोडतो ना, हात वर जावा म्हणून? तसं सोडलंय हे. एवढं कापलं तर पोरगी वर जायचीच नाही! आणि तोच शब्द परत परत येतो, ते झोक्याचे हेलकावे.”

बाईंनी ती ओळ पुन्हा म्हटली. म्हणता म्हणता खुर्चीतच मागेपुढे झाल्या.

“पास आहात. आता तो पाय आवरा!”

वहिनी बाहेर आल्या त्या माझे दोन्ही हात धरून गरागरा फिरायलाच लागल्या. शिपाई धावत आला. “काय झालं हो?”

“पोरगी वाचली!”

“कुठली पोरगी?” त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“झोक्यावरची!” वहिनी ओरडल्या, तोवर आम्ही हसत हसत अर्धा जिना उतरलोही होतो.