अप्पांच्या वकिलाचं राहिलेलं प्रकरण

मी कराडहून सिंगापूरला निघाले तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लोणच्याच्या बरणीआधी बॅगेत कोरी वही कोंबली. "शेवटचं प्रकरण घेऊन ये," एवढंच म्हणाले. चाळीस वर्षं तालुका कोर्टात वकिली केलेल्या या माणसाचं दैवत म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचा एक अमेरिकन वकील. खाणकामगारांच्या वस्तीत गरिबांचे खटले फुकट लढला, विधिमंडळात गेला, उतारवयात आपल्या देशाचा वाणिज्यदूत म्हणून सिंगापूरला आला. बारा वर्षं अप्पा त्याचं चरित्र लिहितायत. आता डोळे साथ देत नाहीत आणि सिंगापूरचा भाग तेवढा राहिलाय.

सिंगापुरात क्वीन्सटाउन भागात बहिणीकडे उतरले. सकाळी खालच्या हॉकर सेंटरमध्ये (खाण्याच्या गाळ्यांची मोठी शेड) काया टोस्ट (नारळ-अंड्याचा गोड लगदा लावलेला पाव) हाणला. एमआरटीत (तिथली मेट्रो) चकली काढली, तर भाची मुक्ता तिथल्या सिंगापुरी इंग्रजीत कुजबुजली, "कॅनॉट लाह मावशी, फाइन पडेल." चकली गुपचूप पिशवीत गेली.

ग्रंथालयात तिथल्या साठीच्या, चिनी वंशाच्या लिमबाईंनी त्या वकिलाचं आत्मचरित्र काढून दिलं. त्यानं ते इथंच छापून घेतलेलं. मी उत्साहानं उतरवायला बसले आणि मधल्याच एका पानाशी हात थांबला. विधिमंडळातलं त्याचं भाषण होतं. गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्ष कोर्टानं ऐकूच नये, हा कायदा त्यानंच मांडलेला. अहो, हाच का तो गरिबांचा कैवारी? आणि मेल्यानं ते फुशारकीनं छापलंय!

लिमबाई मागेच उभ्या होत्या. लाजेनं मी पानावर पंजा ठेवला. त्यांनी तो हळूच बाजूला केला. "फोटो घ्या," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "अक्षरं नीट दिसतील असा."

पुढचे चार दिवस बहिणीनं बागा दाखवल्या, समुद्र दाखवला. माझं लक्ष कशातच नव्हतं. रोज अप्पांचा फोन यायचा आणि मी, वकिलाची मुलगी, ग्रंथालय बंद आहे म्हणून धडधडीत खोटं बोलायचे. बारा वर्षांच्या कष्टांवर बोळा फिरवायचा कसा?

घरी आल्यावर मात्र तोंड उघडावंच लागलं. सगळं पान वाचून दाखवलं. मला रडू आवरेना.

"कुणी दाखवलं?" त्यांनी विचारलं.

लिमबाईंबद्दल सांगितलं.

"मग हे शेवटी नाही, पहिल्या प्रकरणात घे. खाली त्यांचं नाव घाल. साक्षीदार म्हणून."

सिंगापुरात काय पाहिलंस, असं शेजारणी विचारतात. मी सांगते, एक पान पाहिलं. अप्पांनी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलंय. लिहिते मी.