बाबांच्या झोपेची तपासणी

बाबांच्या घोरण्याचं आमच्याकडे कौतुकच होतं. "पडल्या पडल्या झोप लागते, नशीब लागतं त्याला," असं आई धारच्या घरी आल्या-गेल्याला सांगायची. मधेच त्यांचा श्वास अडायचा, मग गुदमरल्यासारखा परत यायचा, त्यावरही सगळे हसायचे. दिवसा चहा पिता पिता त्यांची मान पडायची. एकदा तिरल्याच्या रस्त्यावर डुलकी लागून ते स्कूटरसकट सोयाबीनच्या शेतात उतरले, तेव्हा मात्र मी भडकले आणि दोघांनाही माझ्याकडे देवासला घेऊन आले.

डॉक्टरांना स्लीप अ‍ॅप्नियाची शंका आली. झोपेत श्वास थांबतोय असं तपासणीत दिसलं, तर रात्री लावायचं मशीन देऊ म्हणाले. तपासणी घरीच होती. त्यांचा माणूस आला, छातीला पट्टा, नाकाला नळी, बोटाला चिमटा लावला आणि म्हणाला, "बाबूजी, रोज जैसे सोते हो, वैसे ही सो जाना." मी दुसऱ्या खोलीत जाऊन ढाराढूर झोपले.

रिपोर्टमध्ये फारसं काही निघालं नाही. वजन कमी करा, एवढंच. बाबांना तर चेवच आला. "काय गं, फुकट घाबरवलंस ना आम्हाला? देख, एकदम फर्स्ट क्लास!" मलाही हायसं वाटलं. दोघांना धारच्या बसमध्ये बसवून दिलं.

या हिवाळ्यात बाबा झोपेतच गेले.

तेराव्यापर्यंत माणसं येत राहिली आणि आई प्रत्येकाला तेच सांगत राहिली. त्या रात्री तिला ताप होता, गोळी घेऊन तिचा डोळा लागला. "नाहीतर इतक्या वर्षांत कधी चुकले नाही हो मी. श्वास अडला की त्यांना हलवून कुशीवर करायचे. देवासला वायरी लावल्या होत्या, तेव्हासुद्धा मी रात्रभर उशाशी बसून होते. रोजच्यासारखंच झोपवायचं होतं ना!"

मी तिथेच उभी होते. म्हणजे तपासणीत बाबांचा श्वास थांबलेला दिसलाच नव्हता, कारण आईने तो थांबू दिला नव्हता, आणि म्हणूनच मशीनही मिळालं नव्हतं. मला त्या माणसाचा राग आला, डॉक्टरांचा आला, आणि सगळ्यात जास्त आईचा. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. "तू तरी खरं सांग गं. मी झोपले म्हणूनच गेले ना ते?"

मी नाही म्हणाले. तिला ते पटलं नाही, आणि पटेल असं जे माझ्याकडे आहे ते मी तिला कधीच सांगू शकणार नाही.