फोन कुणी धरला होता?

या सदरातले अनुभव मी दुपारच्या डब्यासोबत वाचते आणि पोट धरून हसते. भूतबीत, चाहूलबिहूल... काहीतरीच! एवढी वर्षं नर्स आहे, मेलेली माणसं ढीगभर पाहिली, एकही परत आलेलं दिसलं नाही. त्यामुळे हे लिहायची लाजच वाटतेय. तरी लिहिते.

सोलापूर जिल्ह्यात, श्रीपूरजवळच्या एका उपकेंद्रात मी सिस्टर आहे. गेल्या गळीत हंगामातली गोष्ट, भर दुपारची. ऊसतोडीच्या टोळीतली रेखा बाळंतपणाला आली. सोबत तिची सासू शेवंताबाई, मदतीला आमची आशा कार्यकर्ती मंदा. बस्स, एवढीच माणसं.

बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला! अँब्युलन्स उसाच्या ट्रॅक्टरांमागं अडकलेली... मी सोलापूरच्या डॉक्टर मॅडमना व्हिडिओ कॉल लावला, मोबाईल खिडकीत स्पिरिटच्या बाटलीला टेकवला आणि खाटेकडे धावले.

"घाबरू नका सिस्टर, मी आहे ना," मॅडम म्हणाल्या. अहो, काय धीर होता त्या आवाजात! "दोघींनी एकेक पाय धरा, मांड्या पोटाकडे दाबा." मंदानं एक धरला, शेवंताबाईंनी दुसरा. मधेच मॅडम म्हणाल्या, "जवळ आणा... अजून थोडं... हं, बास." काय जवळ आणायचं मला कळेना, आणि विचारायला सवड कुठली! "मंदाताई, एका हातानं ओटीपोटावर दाबा. सिस्टर, ओढू नका... थांबा... आता!"

बाळ आलं. निळं पडलेलं. मॅडम सांगत गेल्या, मी पुसत गेले, पाठ चोळत गेले... आणि पोरीनं असा टाहो फोडला की शेवंताबाई मटकन खालीच बसल्या. "वाचिवलंत की ओ माज्या लेकरांना!" मीही रडले, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी मॅडमचा फोन. "सिस्टर, कमाल केलीत! आणि फोन धरणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांगा. हात जरासुद्धा हलला नाही हो त्यांचा. जवळ आणा म्हटलं की लगेच आणला. खांदा स्वच्छ दिसला म्हणून तर मला सांगता आलं."

"मॅडम, फोन तर खिडकीत होता."

"चेष्टा करताय का? खिडकी तर मला तुमच्या पाठीमागं दिसत होती. तिथून मला तुमची पाठच दिसली असती."

मोबाईल मी नंतर बाटलीपाशीच उचलला होता. मंदाला विचारलं, तर ती म्हणे, "ताई, आमचं हात कुटं मोकळं हुतं?"

आता मॅडम दर गुरुवारी आम्हा सगळ्या सिस्टरांचा व्हिडिओवर क्लास घेतात. बाहुलीवर करून दाखवतात, हजारदा विचारलं तरी चिडत नाहीत. मोबाईलला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा येऊन बघावंच! क्लास संपताना त्या हटकून सांगतात, "फोन धरायला एक माणूस मोकळं ठेवा."

रेखाची पोरगी रांगायला लागली म्हणे. आणि माझ्याकडे माणूस कमी असलं, की मोबाईल मी त्याच बाटलीला टेकवते आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं हळूच म्हणते, "धरा हं, बाई."