दुसऱ्या वेच्याची बोंडं

वर्षा आडेचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. होस्टेलची घंटा पाचची होती. पण वॉर्डनबाईंचा मोबाइल सव्वाचारला वाजे आणि भिंतीपलीकडून ऐकू येई. वर्षाकडे घड्याळ नव्हतं, ती त्या आवाजावर उठे. उठल्याबरोबर ती बाकीच्या पलंगांकडे बघे. एखादा पलंग रिकामा दिसला, की ती तोंड न धुताच पुस्तक ओढून घेई. म्हणजे कोणीतरी आपल्याआधी उठलं. म्हणजे कोणीतरी आपल्यापुढे गेलं.

शाळा पांढरकवड्याच्या बाहेर, हायवेपासून आत. सरकारी, निवासी. सहावीला प्रवेश परीक्षा असते. जिल्हाभरातून हजारो मुलं बसतात, ऐंशी घेतात. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं शाळेचं. वर्षाच्या तांड्यातून आजवर दोघीच लागल्या होत्या. पण या शाळेतही दहावीपर्यंतच ऐंशी. पुढे सायन्सला जागा चाळीस. डिसेंबरात निवड चाचणी होई, तिच्यातले पहिले चाळीस राहत. उरलेले बोर्डाची परीक्षा दिली, की पेटी डोक्यावर घेऊन घरी.

तांड्यातून लागलेली पहिली मुलगी मोनाली. ती पेटी घेऊन परत आली होती.

त्या वर्षी वर्षा दहावीत होती. सकाळी तोंड धुवायला रांगेत उभं राहावं, तर पुढचीच्या हातात सूत्रांचा कागद. जेवणाच्या रांगेत कागद. कोणी विचारलं, किती झालं, तर प्रत्येकीचं उत्तर ठरलेलं. शेजारच्या पलंगावरची प्रेरणा तर शपथेवर सांगे.

"माझं तर काहीच नाही झालं गं. काल मी झोपूनच गेले."

प्रेरणा बाभुळगावची. घरची शेती, वडील दर रविवारी गाडीवरून यायचे. तिच्या उशीखाली एक जाडजूड गाईड असायचं, आणि त्यातलं प्रत्येक पान पेन्सिलीने काळं झालेलं होतं. ते वर्षाला माहीत होतं. तरी 'काहीच नाही झालं' हे ऐकलं, की तिला क्षणभर बरं वाटे, आणि मग जास्तच भीती वाटे.

सप्टेंबरात पहिली सराव चाचणी झाली. शंभर प्रश्न, दोन तास. यादी लागली. वर्षा सेहेचाळिसावी.

गणिताच्या घनश्याम सरांनी तिला बोलावलं. पेपर टेबलावर पसरला.

"आडे, हे काय आहे?"

पहिले एकसष्ट प्रश्न सोडवलेले. त्यातले तीन सोडून सगळे बरोबर. पुढे एकोणचाळीस प्रश्नांचे उत्तराचे गोल कोरे. सरांनी कच्च्या कामाचं पान उलटलं. तेविसाव्या प्रश्नासाठी अख्खं पान भरलं होतं, खोडून पुन्हा भरलं होतं.

"हा आला नाही तुला. मग चोविसाव्याला का नाही गेलीस?"

वर्षाने पानाचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"बोल की. झोप लागली होती?"

"मधला कसा सोडायचा, सर?"

सरांना हसू आलं. मग तिचा चेहरा पाहून ते हसायचे थांबले.

"सोडायचा. पुढे जायचं. सोपे आधी, अवघड मागून. एवढंच करायचं आहे तुला."

"हो सर."

म्हणाली खरी. पण हाताला लागलेलं वळण एका 'हो सर'ने जात नाही. ते वळण कुठून आलं, हे सरांना ठाऊक नव्हतं, आणि वर्षाच्याही ध्यानात नव्हतं.

तिचं घर मारेगाव तालुक्यातल्या तांड्यात. बाप देवसिंग जिनिंगमध्ये गाठी उचलायचा. आई मानीबाई कापूस वेचायला जायची. आईला वर्षा याडी म्हणे, तांड्यात तसंच म्हणतात. वर्षा सात वर्षांची असताना याडीने तिला पहिल्यांदा वेचायला नेलं. लहान पोरांना पहिल्या वेच्याला, म्हणजे वेचणीच्या पहिल्या फेरीला, कोणी घेत नाही, हाताने फांद्या मोडतात, कच्ची बोंडं गळतात. त्यांना नेतात शेवटच्या वेच्याला. त्यानंतर पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाडच, उपटायचीच असते, मोडली तरी चालते. आणि शेवटच्या वेच्याचा कायदा एकच. मागे काही राहता कामा नये. राहिलं ते गेलं.

प्रत्येकीला एक ओळ मिळे, तिला पात म्हणत. वर्षा आपली पात संपवून शेताच्या कडेच्या धुऱ्यावर पोचली, की मानीबाई मागून बघत येई. बोंडाच्या एका सुक्या पाकळीत, नखीत, चिमूटभर कापूस दिसला, तरी कान धरून मागे नेई.

"हे कोणासाठी ठेवलं? पुन्हा येनार हायेस का तू इथं?"

पाच-सहा हंगाम वर्षा अशीच शेवटच्या वेच्याला गेली. मग या निवासी शाळेत लागली आणि वेचणी सुटली. कष्टाला ती कमी नव्हती. उलट तिने एक झाड कधी अर्धं सोडलं नव्हतं. तेच आता आडवं येत होतं.

ऑक्टोबरात दुसरी चाचणी. या वेळी तिने ठरवलं होतं, अडलं की सोडायचं. अकरावा अडला. सोडला. बारावा वाचायला घेतला, तर डोळा अकराव्यावर. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. हॉलमधलं घड्याळ मागच्या भिंतीवर होतं, कारण पुढच्या भिंतीवर फळा. मान वळवली की पर्यवेक्षकांचा ओरडा.

"ए, समोर बघ!"

किती वेळ गेला, किती राहिला, काही कळेना.  घंटा झाली तेव्हा ती अठ्ठेचाळिसाव्या प्रश्नावर होती.

यादीत ती अठ्ठावन्नावी आली. घनश्याम सरांनी या वेळी बोलावलं नाही. त्याचंच तिला जास्त लागलं.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी गेली, ती पुस्तकांची पिशवी घेऊन. मानीबाईने पिशवीकडे पाहिलं.

"सकाळी वाच. दहाले शेतात ये. पहिला वेचा हाये, बाया कमी पडून राह्यल्या."

शेतात मोनाली होती. मारेगावच्या कॉलेजात तिचं नाव होतं, पण हंगामात ती महिन्यातले वीस दिवस वेचणीलाच असे. ओटी कमरेला बांधलेली, दोन्ही हात मशीनसारखे चालत होते.

"आली का वं सायंटिस्ट बाई! कितवी आली?"

"अठ्ठावन्नावी."

मोनालीचे हात चालतच राहिले. पुढच्या झाडाला हात घालत ती म्हणाली, "मी एक्केचाळिसावी होती."

वर्षाने ओटी कमरेला बांधली. तिने आपली पात धरली. मोनालीची पात शेजारची. दोन झाडं पुढे ती दिसत होती, मग चार, मग दहा. वर्षा मागे पडत चालली होती आणि त्या भीतीने अजून जोरात हात मारत होती. झाडावर पांढरं दिसेल ते ओढायचं. अर्धवट उकललेलं बोंड दिसलं, तर नखांनी फाडायचं, आतला ओला, पिवळट कापूस ओरबाडायचा. बोटांच्या कडा फाटल्या. एका झाडापाशी किती वेळ गेला, तिला कळलं नाही.

मानीबाई मागून आली. तिने वर्षाच्या ओटीत हात घातला, मूठभर बाहेर काढलं आणि तिच्या नाकासमोर धरलं.

"हे काय हाये?"

"कापूस."

"कवडी हाये हे. ओला, कच्चा. याच्यानं सगळी ओटी खराब होते. कायले फाडून राह्यली बोंडं?"

"मागं राहील नं याडी."

"राहू दे! रायलंच पायजे. आज पहिला वेचा हाये. जे उकललं ते घे, जे नाई उकललं त्याले हात लावू नको. पंधरा-वीस दिवसानं तेच बोंड आपसूक उघडते. मंग एका बोटानं निंगते."

"पण तू तर म्हणत होती, काही ठेवायचं नाही."

"ते शेवटच्या वेच्याचं, बाई! तवा पऱ्हाटी उपटाची रायते." मानीबाईने कपाळावर हात मारला. "इतकी शाळा शिकली अन् हे नाई समजलं. पहिल्या वेच्यातच शेवटचा वेचा करून राह्यली."

पलीकडून मोनाली हसली. "मावशी, हिले परीक्षेची घाई हाये."

वर्षा ओटीतला पिवळा कापूस बघत उभी राहिली. तेविसावा प्रश्न. ते भरून खोडलेलं पान. तिला एकदम रडू आलं, पण बायांसमोर ती रडली नाही. खाली वाकली आणि पुढच्या झाडावरची उघडलेली बोंडं तेवढी घेतली. एक बंद बोंड तसंच ठेवलं. हात त्याच्याकडे परत जात होता. तिने तो ओढून पुढच्या झाडाला लावला. मग त्याच्या पुढच्या. संध्याकाळपर्यंत प्रत्येक झाडाला तिला तेच करावं लागलं. हाताला समजायला चार दिवस लागले. सहाव्या दिवशी ती मोनालीच्या मागे फक्त तीन झाडं होती.

पहिल्या सात दिवसांची तिची मजुरी घरात गेली. शेवटच्या तीन दिवसांची मानीबाईने तिच्या हातात दिली.

"हे तुह्या पुस्तकाचे. ते जाडं पुस्तक सांगत होती नं, सगळ्या पोरींजवळ हाये म्हणे."

वर्षाने पैसे ओढणीच्या टोकाला बांधले. पांढरकवड्याच्या स्टँडवर उतरली आणि गाईडच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली. गाईड काचेमागे दिसत होतं. घेतलं नाही, तर ती एकटीच गाईडशिवाय राहणार होती. घेतलं, तर दुसरं काही घेता येणार नव्हतं.  मग ती वळली आणि बाजूच्या टपरीवर गेली. बाबुलाल नावाचा माणूस तिथे घड्याळं दुरुस्त करायचा आणि विकायचाही.

"घड्याळ दाखवा."

"हे घे. लाइट लागते, गाणं वाजते."

"गाणं नको. परीक्षेत चालत नाही. काट्याचं पाहिजे. मिनिटं साफ दिसली पाहिजेत."

बाबुलालने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग खालच्या खणातून पांढऱ्या तबकडीचं, काळ्या पट्ट्याचं एक काढलं. "हे चांगलं हाये. पण काटेवाले आता पोट्टे घेत नाई."

तिने कानाशी धरून आवाज ऐकला. घेतलं.

प्रेरणाने पाहिलं तेव्हा विचारलं, "गाईड नाही घेतलंस? मग कशातून करणार?"

"आहे त्यातून."

रविवारी वॉर्डनबाईंच्या मोबाइलवरून तिने याडीलाही घड्याळाचं सांगून टाकलं. त्यानंतर सव्वाचारला उठून ती जुन्या सराव पेपरांवर घड्याळ लावून बसे. पहिला फेरा पन्नास मिनिटांचा. अडलं तिथे पेन्सिलीने बारीक टिंब, आणि पुढे. सोडलेला प्रत्येक प्रश्न मागून हाक मारतोय असं वाटायचं. ती मनगटाकडे बघून पुढे जायची.

निवड चाचणीच्या दिवशी सकाळी तिला पोहे गेले नाहीत. हॉलमध्ये ऐंशी मुलं, पंखे बंद, कागदांचा आवाज. सातवा प्रश्न अडला. टिंब. नववा अडला. टिंब. तेरावा, चौदावा, सोळावा.  इतके? आपल्याला काहीच येत नाही की काय? काटा बघितला. नऊ मिनिटं. पुढे.

शंभराव्या प्रश्नाला पोचली तेव्हा चोपन्न मिनिटं झाली होती आणि मागे चौतीस टिंबं होती. तिने पान उलटून पुन्हा सातव्यापासून सुरुवात केली. सातवा या वेळी सरळ निघाला. नववाही. मघाशी काय अडलं होतं, तेच तिला कळेना. सोळावा नाही निघाला. टिंबावर दुसरं टिंब, आणि पुढे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात, म्हणून शेवटी नऊ गोल तिने कोरेच ठेवले. सगळ्यात जास्त जोर तिला त्या नऊसाठी लागला.

बाहेर आल्यावर प्रेरणा म्हणाली, "माझं तर काहीच नाही झालं गं. तुझे किती झाले?"

"एक्क्याण्णव."

प्रेरणाचा चेहरा बदलला. त्या संध्याकाळी ती वर्षाशी बोलली नाही.

यादी आठ दिवसांनी लागणार होती. ते आठ दिवस वर्षाने दिलेली उत्तरं मनात शंभरदा तपासली. आधी सगळी बरोबर वाटली, मग सगळी चूक. पलंगाखालची पेटी तिला दिसेनाशी व्हावी म्हणून तिने तिच्यावर चादर टाकली.

यादी लागली तेव्हा प्रेरणा वरून वाचत होती. वर्षाने खालून सुरुवात केली. चाळीस, तिचं नाव नाही. एकोणचाळीस, नाही. अडतीस, सदतीस, नाही. छत्तीसलाही नाही, आणि बोट तिथेच थांबलं. आपण याच्या वर असू, असं कधी तिच्या मनात आलंच नव्हतं. आता पुढे वाचण्यात अर्थ नव्हता. तरी बोट वर सरकवलं. पस्तीस, चौतीस. तेहतीस. वर्षा देवसिंग आडे.

तिने वडिलांचं नाव तीनदा वाचलं. वर्गात दुसरी वर्षाही होती.

वॉर्डनबाईंच्या मोबाइलवरून तिने फोन लावला. मानीबाई शेतात होती, त्याच शेतात. दुसरा वेचा चालला होता.

"याडी, लागलं. तेहतीस."

पलीकडून शेतातला वारा ऐकू येत होता.

"म्हंजे रायली नं तू तिथं?"

"राहिले."

मानीबाईने जोरात नाक ओढलं. "तू सोडलेली बोंडं येचून राह्यलो आम्ही. मस्त उकलली हायेत."

मागून मोनालीचा आवाज आला. "मावशी, लागली का? इचारा तं तिले, त्या मजुरीचं शेवटी काय घेतलं? पुस्तकच नं?"

"नाई वं," मानीबाई फोन कानापासून दूर न नेताच ओरडली. "घड्याळ. काट्याचं."